कागदबाबांचा गुलाबी शाप

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर चपलांचा ढीग, आत माणसांचा. मंचावर एक गुबगुबीत गृहस्थ बसले होते. लोक त्यांना महाराज म्हणत. वस्तीतल्या शाळेच्या बाई मात्र मनातल्या मनात कागदबाबा म्हणत, कारण त्यांचं सगळं दैवी सामर्थ्य पांढऱ्या कागदांच्या एका गठ्ठ्यात मावत होतं.

"पुढचा!"

टोपल्या विणणारे एक आजोबा पुढे झाले. महाराजांनी त्यांच्या अंगठ्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि अंगठा कागदावर दाबला. कोऱ्या कागदावर गुलाबी ठसा!

"पाहा! हीच ती रक्तातली खोट! सात पिढ्यांचं पाप सांध्यांत येऊन बसलंय!" महाराज गरजले. मग कागदावर मंतरलेलं पाणी उडवलं आणि ठसा नाहीसा झाला. "गेली खोट! आता ती डॉक्टरी गोळ्यांची विषं फेकून द्या!"

टाळ्यांनी छप्पर हललं. डोकी तेवढी हलली नाहीत.

'खोट' हा शब्द महाराजांनी आणला नव्हता. तो वस्तीनंच तयार ठेवला होता. वस्तीतली ही विणकरांची जमात त्या मुलखातली सर्वांत जुनी, आणि तिच्यात संधिवात फार. साधा नव्हे, शरीराचे पहारेकरी घरच्याच सांध्यांवर काठ्या चालवतात, तो. मागच्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी घरोघरी रक्त तपासून सांगितलं होतं, "या दुखण्याकडे कल देणारी काही जनुकं तुमच्या जमातीत जास्त घरांत आहेत. आईबापांकडून नाक येतं, तशीच येतात." गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं झालं, 'डॉक्टरीण म्हणते, आपल्या रक्तातच खोट आहे.' खोट म्हटल्यावर ती काढणारा उगवायला कितीसा उशीर?

बाईंची आई वस्तीतली सर्वांत निपुण विणकरीण. तीन आठवड्यांपासून तिच्या गोळ्या बंद होत्या.

"आई, गोळी घेतलीस?"

"कशाला? माझा कागद पांढरा झाला, तूच बघितलंस ना?"

"कागद झाला गं. बोटांचं काय?"

आईनं हात पांघरुणाखाली ओढून घेतले. सकाळी तिला चहाचा कप धरता आला नव्हता.

तेव्हा बाई स्वतःच रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा अंगठा दाबला, कागद पांढराच राहिला. "तुझ्यात खोट नाही, पोरी!" महाराज प्रसन्न झाले. बाईंना हसू आलं. डॉक्टरीणबाईंच्या अहवालात त्यांचं ते जनुक स्पष्ट लिहिलेलं होतं.

मागून टपालवाला आला. दूर गावचा, जमातीशी नात्याचा धागाही नाही. त्याचा ठसा मात्र गुलाबी!

"अहो महाराज, माझ्या कुठल्या सात पिढ्या इथल्या?" तो घाबरून म्हणाला.

"गेल्या जन्मीच्या!"

बाईंनी टपालवाल्याचे हात पाहिले. सकाळीच त्यानं आईला पिंपातून ओला वेत उचलून दिला होता. वेत मऊ व्हावा म्हणून विणकर तो राखेच्या पाण्यात भिजवतात आणि दिवसभर त्याच हातांनी विणतात. राखेचं पाणी आम्लारी असतं, हे बाई दर वर्षी सातवीला शिकवत. शाळेतल्या बाटलीतलं बिनरंगी फिनॉल्फ्थॅलिन आम्लारी लागताच गुलाबी होतं आणि आम्ल पडताच पुन्हा बिनरंगी. तेच या कागदांना आधीच फासलेलं असणार. मंतरलेल्या पाण्याला सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरच्या आम्लाचा, वास येतच होता!

दुसऱ्या दिवशी बाई आईची एक जुनी टोपली राखेच्या पिंपात बुडवून, ओलीच घेऊन मंचावर गेल्या. "आईनं विणलीय, महाराज. दोन्ही हातांनी धरून आशीर्वाद द्या."

महाराजांनी ती ऐटीत धरली.

"आता एकदा तुमचा अंगठा होऊ द्या."

"माझा? माझं रक्त निर्मळ आहे!"

"मग भिता कशाला?"

"दाबा की, महाराज!" मागून आरोळी आली.

अंगठा दाबला गेला. गुलाबी!

"अगं बाई," एक म्हातारी म्हणाली, "यांच्याही सात पिढ्या!"

"मी... मी तुमचं पाप अंगावर घेतलं!"

"बरं," म्हणत बाईंनी बादलीभर साधं पाणी त्यांच्या हातांवर ओतलं, हात चोळून धुवायला लावले आणि अंगठा नव्या कागदावर टेकवला. पांढरा. "सात पिढ्यांचं पाप, एक बादली पाणी!"

सभागृह खदखदून हसलं. बाईंनी राख, कागद, सिरका सगळं समजावून सांगेपर्यंत महाराज मागच्या दारानं पसार झाले होते. चपलाही टाकून.

आईच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सूज उतरली, पण एक बोट वाकलं ते वाकलंच. टोपलीचा बारीक काठ आता तिच्यानं होत नाही.

"ते जनुक तुझ्यातही आहे ना गं?" तिनं एकदा विचारलं.

"आहे. म्हणून तर विडी-सिगारेटच्या धुरापासून लांब राहते, त्यानं हे दुखणं ओढवायचा धोका वाढतो. बोटं सकाळी आखडायला लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाईन. कदाचित कधी होणारही नाही. रक्तातून कल येतो आई, शिक्षा नाही येत."

बाई आता ही गोष्ट दर वर्षी वर्गात सांगतात, आणि शेवटी म्हणतात, "मुलांनो, कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडण्याआधी एकच विचारा, 'हाच प्रयोग तुमच्या हातावर करू का?' आणि उत्तर येईपर्यंत घरातल्या कुणाचंही औषध बंद होऊ देऊ नका."