दातांच्या डॉक्टरांचं दुर्मीळ बदक

मी एक बदक आहे. जगात माझ्यासारखं दुसरं नाही. असं दातांच्या डॉक्टरांनी जाहीर केलं होतं. माझी मालकीण, अंडीवाली मावशी, मला 'ढोल्या' म्हणते.

मित्रांनो (तुमच्यापैकी काहींनी मला खडे मारलेत, पण म्हणायची पद्धत आहे), माझी आई पांढरी, पाळीव, जन्मभर एका डबक्यात राहिलेली. वडील हिरव्या डोक्याचं रानबदक. एका हिवाळ्यात आले, पाहुणचार घेतला आणि मागे वळून न बघता उडाले. डोकं मी त्यांचं घेतलं, पोट आईचं. छातीवरचा पांढरा डाग दोघांच्या भांडणातून आला असावा.

मावशीच्या अंगणात नरांना फारसं म्हातारपण नसतं. एका सकाळी तिने दगडावर सुरी घासायला घेतली आणि मी कुंपणावरून उडालो, तो थेट तळ्यावर. उतरलो म्हणण्यापेक्षा आपटलो.

तिथल्या रानबदकांनी मला जवळ केलं नाही. दाणा दिसला की आधी मला चोच मारत, मग दाण्याला. झोपायला जागा कडेची, म्हणजे कोल्हा आला तर पहिला मान माझा. तरी पोट आत ओढून मी त्यांच्यात मिरवत असे.

डॉक्टरांनी मला दुर्बिणीतून पाहिलं आणि 'नवी जात!' म्हणून गावभर केलं. दाढ उपटतानाही सांगत; रोग्याला नाही म्हणता येत नसे. मग त्यांचे मेहुणे आले. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि बहिणीच्या लग्नापासून डॉक्टरांवर दात धरून आहेत.

"दाजी, छातीवर पांढरा डाग, पोट पाण्याला टेकलेलं. सरळ संकर आहे, अर्धं पाळीव. रानबदकाला पोट सुटत नाही."

"तुला सुटलंय. तुला कुणी पाळलंय?"

"तुमच्या घरी नाही, एवढं नक्की. तिथे चहासुद्धा विचारत नाहीत."

तळ्याचा राखणदार जाळं घेऊन कंटाळला होता. "भांडणं घरी करा. रानटी असेल तर राहू दे. पाळीव असेल तर अंडीवाल्या मावशींचं. त्यांचं एक पळालंय. नेऊन देतो."

म्हणजे पुन्हा तो दगड आणि ती सुरी.

"थांबा," मेहुण्यांनी खिशातून बिस्कीट काढलं. "रानटी पक्षी माणूस जवळ आला की पळतो. बघूच."

ते काठावर वाकले. बाकीची बदकं एका झेपेत पलीकडे गेली.

"उड रे बाबा," डॉक्टर कुजबुजले, "माझी लाज राख!"

मला सगळं कळत होतं. वडील आठवले. पंखही उघडले. पण पायांनी आईचं ऐकलं आणि मला बिस्किटापाशी नेलं.

जाळं पडलं. "आजारी दिसतंय ते," डॉक्टर म्हणाले. मेहुणे जे हसत सुटले, ते बहिणीला सांगेपर्यंत थांबले नसतील.

आता मी टोपलीखाली आहे आणि बाहेर मावशी सुरी घासते आहे. मित्रांनो, तळ्यावरच्या पक्ष्यांना खायला घालू नका. घालायचंच असेल, तर निदान ताजं घाला. ते बिस्कीट सादळलेलं होतं.