गिळलेल्या नाण्याची कैफियत

मी एक जुने नाणे आहे. मित्रांनो, एका कुटुंबाचा सगळा इतिहास माझ्या पोटात साठवलेला आहे. असे वाक्य सुरुवातीला शोभते, म्हणून लिहिले. नाण्याला पोट नसते. मीच त्या कुटुंबातल्या मुलीच्या पोटात तीन दिवस होतो, अशी त्या घरात ठाम समजूत आहे. तीही खरी नाही.

माझा जन्म टांकसाळीत झाला. धातूच्या लांब पट्टीतून आमच्या चकत्या कापल्या, तापवल्या, धुतल्या, आणि मग वरून-खालून एकदम ठसे बसले. एका बाजूला आकडा उमटला, दुसऱ्या बाजूला झाडाची डहाळी. डहाळीला तीन पाने असायला हवी होती. माझ्या वाट्याला दोन आली. त्या पाळीचा तपासनीस बहुधा जांभई देत असावा. मला कोणी बाजूला काढले नाही आणि मी बाकीच्यांबरोबर जगात आलो.

पुढची काही वर्षे मी नोकरी केली. न्हाव्याच्या खणात राहिलो, औषधांच्या दुकानात सुट्ट्या पैशांवरून झालेली भांडणे ऐकली, एका कोटाच्या फाटक्या अस्तरात अख्खा हिवाळा काढला. माझी कोणी स्तुती केली नाही. नेमके सुटे हाती लागले की माणसे ‘हां, बघा, निघालं’ म्हणतात, ती स्तुती धरायची तर धरा. असा फिरत फिरत मी एका बाईच्या पाकिटात येऊन पडलो.

त्या बाईचा नवरा बसवर वाहक होता आणि त्याला नाण्यांचा नाद होता. पाळी संपली की भरणा करण्यापूर्वी तो पिशवीतली चिल्लर एकेक करून निरखी. काही वेगळे दिसले की तेवढ्याच किमतीचे नाणे स्वतःच्या खिशातून पिशवीत टाकी आणि मगच ते उचली. याबाबतीत तो फार चोख होता. इतका, की बायको विचारी, “पगार घरी आणता, की तिथल्या तिथेच बदलून टाकता?”

त्यांना एक मुलगी होती. तिला ठमी म्हणत. ठमी चार वर्षांची असताना बापाच्या डब्यातली नाणी घेऊन दुकान-दुकान खेळत होती, आणि गिऱ्हाईक येईना म्हणून तिने एक नाणे गिळले. ते माझ्याच जातीचे होते, तीन पानांचे, सरळमार्गी. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, पोटातली गोल सावली दाखवली आणि म्हणाले, “घाबरू नका, आपोआप पडेल. फक्त लक्ष ठेवा.” वाहकाला ड्यूटी होती, त्यामुळे लक्ष ठेवण्याचे खाते कोणाकडे गेले हे सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाणे निघाले. आईला इतके हायसे वाटले की तिने पुढचा-मागचा विचार न करता दोन बादल्या पाणी ओतून सगळे नाण्यासकट वाहवून दिले. संध्याकाळी वाहक गणवेशातच धावत आला.

“ठमी कशी आहे?”

“मजेत आहे. निघालं एकदाचं.”

“कुठंय?”

बाईने त्याच्या तोंडाकडे बघितले. तीन दिवस हा माणूस धड जेवला नव्हता. ती आत गेली, तिने पाकीट उघडले, मला साबणाने दोनदा धुतले आणि बाहेर येऊन त्याच्या तळहातावर ठेवले.

त्याने भिंग लावले.

“अगं, ह्याचं तिसरं पान गेलं.”

“गेलं म्हणजे?”

“आम्ल! पोटातलं आम्ल. आपल्या पोरीनं पान पचवलं.”

बाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. ती रडत असावी, असे वाहकाला वाटले.

मित्रांनो, माझे सोन्याचे दिवस असे सुरू झाले. त्याने मला कागदी पाकिटात घातले, वर तारीख लिहिली आणि खाली ‘मुक्काम तीन दिवस. एक पान पचले.’ असा शेरा मारला. पहिल्या अल्बममधला पहिला खिसा मला मिळाला. घरी पाहुणे आले की आधी पाणी येई, मग मी. ठमीचे लग्न ठरले तेव्हा ती म्हणाली, “बाबा, पाया पडते, पण सासरच्यांना ते दाखवू नका.” त्याने दाखवले. सासऱ्यांनी मला हातात घेतले, शेरा वाचला, आणि दुसऱ्या हातातला चहा खाली ठेवून दिला.

मग वर्षे गेली. मला कोणी काढीना. प्लॅस्टिकचा खिसा पिवळा पडला. वाहक निवृत्त झाला आणि दोघांनी लहान घरात जायचे ठरवले. नव्या घरात भिंतीतले एकच कपाट होते आणि वाहकाकडे अकरा अल्बम.

“एक ठेवा,” बाई म्हणाली. “दहा विका. आणि त्या पैशांत न्हाणीघरात गीझर बसवा. थंड पाण्यानं माझी बोटं वळत नाहीत आता. तीस वर्षं पातेली उचलली, बास झालं.”

मागणी रास्त होती. वाहकाने टेबलावर दोन ताटे मांडली, एक ठेवायच्या नाण्यांचे, दुसरे विकायच्या. पहिल्या सकाळी विकायच्या ताटात सात नाणी होती. दुपारच्या चहापर्यंत तीन उरली.

“ही दोन सारखीच आहेत की हो,” बाई म्हणाली.

“सारखी? अगं, ह्याच्या आकड्याखाली टिंब आहे.”

“मग टिंबवालं ठेवा, बिनटिंबाचं विका.”

“बिनटिंबाचं नसेल तर टिंबाला अर्थ काय राहिला?”

अकरा दिवस हे चालले. बाराव्या दिवशी बाईनेच नाणेवाल्याला फोन करून बोलावले.

नाणेवाला मऊ आवाजाचा माणूस होता. त्याने दहा अल्बम भराभर चाळले आणि एक आकडा सांगितला. त्यात गीझरचा नळ आला असता. “काका, राग मानू नका. ही सगळी लोकांच्या घरात पडलेली असतात,” तो म्हणाला. मग त्याने सहज म्हणून ठेवायचा अल्बम उघडला आणि पहिल्याच खिशावर थांबला. मला पाकिटाबाहेर घेतले, भिंग लावले, काढले, पुसले, पुन्हा लावले.

“काका, हे दोन पानांचं आहे.”

“ती एक गंमतच आहे,” वाहक खुलून म्हणाला आणि त्याने सगळी हकीकत सांगितली.

नाणेवाल्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली. “तसं नाही हो. हा ठसाच चुकलेला आहे. आजवर चारच बघण्यात आलीत.” आणि त्याने माझी किंमत सांगितली. तेवढ्यात गीझर आला असता, बसवण्याच्या मजुरीसकट.

बाईने नवऱ्याकडे बघितले.

“हे विकायचं नाही,” वाहक म्हणाला. “आणि मी तुम्हाला फसवणार नाही. पान पोटात गेलंय. खराब झालेलं नाणं आहे हे. एवढी किंमत नाहीच त्याची.”

विकणारा किंमत पाडतो आहे आणि घेणारा वाढवतो आहे, असा सौदा मी गल्ल्यात असताना कधी ऐकला नव्हता. नाणेवाल्याने आणखी थोडी वाढवली. वाहकाने आणखी थोडे आम्ल सांगितले.

शेवटी बाईने खुर्ची ओढली आणि ती समोर बसली.

“अहो, ऐका. ते हे नाणं नव्हेच. ते मी त्याच दिवशी पाण्याबरोबर घालवलं. तुमचं तोंड बघवेना, म्हणून माझ्या पाकिटातलं काढून दिलं. द्या ह्यांना, काही बिघडत नाही.”

मला वाटले, आपला मुक्काम हलला. वाहकाने चष्मा काढला. त्याचे डोळे भरून आले होते.

“बघा,” तो नाणेवाल्याला म्हणाला. “मला विकताना वाईट वाटू नये म्हणून बिचारी केवढं खोटं बोलली. आयुष्यात कधी खोटं बोलली नाही हो ही!”

“अहो, खरं सांगत्येय मी!”

“पुरे गं. मग पान कुठं गेलं?”

बाईने नाणेवाल्याकडे बोट दाखवले; वाहकाने ते हलकेच खाली केले. नाणेवाल्याने दहा अल्बम पिशवीत भरले. ‘तिच्या ह्या मनासाठी तरी’ मला कधीच विकणार नाही, असे वाहकाने त्याला दारात सांगितले. आलेल्या पैशांतून बादलीत बुडवायची, पाणी तापवायची एक कांडी घरात आली. ती लावली की दिवे मंद होतात.

मित्रांनो, तुमच्याकडे जुनी नाणी असतील तर ती कोरड्या जागी ठेवा. बोटांनी कडेला धरा, घासू नका, चिंचेने तर मुळीच नको. लहान मुलांच्या हाती देऊ नका. आणि घरातले माणूस खरे बोलू लागले, तर आधी त्याला पुरते बोलू द्या. एवढीच माझी विनंती आहे.

गेल्या महिन्यात नाणेवाल्याचा फोन आला होता. कुठल्याशा बंद पडलेल्या बँकेच्या तिजोरीत माझ्या जन्मवर्षाची एक सीलबंद थैली निघाली. आत दोन हजार नाणी, सगळी दोन पानांची. वाहकाने ऐकून घेतले आणि फोन ठेवला.

“काय म्हणत होता?” बाईने विचारले.

“काही नाही. टांकसाळीला हल्ली नक्कल करायची हौस आलीय.”

माझा आजचा भाव माझ्यावर छापलेल्या आकड्याएवढा आहे, आणि तेवढ्याचे नाणे चलनातून रद्द होऊन नऊ वर्षे झाली.