तीन नंबरचं कोर्ट

रविवारी सकाळी साडेसहाला क्लबच्या फाटकाशी चौदा जण जमले, तेव्हा प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. कुणी घमेलं आणलं होतं, कुणी फावडं. युवराज वकिलांनी कुंपणाचे खांब रंगवायला घरची बांबूची शिडीच खांद्यावर टाकून आणली होती. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीतला हा टेनिस क्लब जुना, तीन मातीच्या कोर्टांचा. आठ दिवसांवर मुलांची स्पर्धा आली होती. दोन कोर्टं आधीच्या रविवारांत तयार झाली होती. तीन नंबरचं तेवढं राहिलं होतं.

कामाची सगळी जबाबदारी ऋतुजाची. ती शाळेत विज्ञान शिकवायची. कोण काय करणार हे तिनं आदल्या दिवशीच ठरवून दिलं होतं, आणि मातीवर रोलर फिरवायचं काम महेश्वरकडे होतं. महेश्वर घरं बांधायचा. साइटवरचा डिझेलचा छोटा रोलर त्यानं टेम्पोतून आणला. मागून हँडल धरून चालवायचं मशीन, पण वजन सहाशे किलोच्या वर, आणि सुरू केलं की पायाखालची जमीन थरथरायची.

"हाताच्या रोलरनं चार दिवस जातील," तो म्हणाला. "यानं दोन तासांत सपाट."

मडिवाळप्पा बाजूलाच उभे होते. अक्कलकोटकडचा माणूस, तीस वर्षं या कोर्टांची माती राखलेला. ते ऋतुजाजवळ आले आणि नेहमीसारखं हळूच बोलले.

"ताई, त्या वरच्या कोपऱ्यात मशीन नको. तितं आड होता."

"आड? म्हणजे विहीर? कोर्टाखाली?"

"व्हय. मी कामाला लागलो त्याच साली बुजवला. पडक्या भिंतीचा मलबा, झाडाचं बुंधं, काय बी टाकलं. वरनं माती."

महेश्वरनं पहार उचलली, कोपऱ्यात जाऊन दोन-तीनदा जोरात मारली. पहार वीतभर आत गेली आणि ठण्ण वाजून थांबली. "ऐकलं? तीस वर्षांत दगड झालाय अप्पा. अशा भरावावर मी घरं उभी केलीत."

"दरवर्षी बसतंय की तितं. मी दरवर्षी चार पाट्या माती घालतो," मडिवाळप्पा म्हणाले. पण आवाज इतका खाली होता की ते ऋतुजालाच ऐकू आलं.

दोघंही तिच्याकडे बघू लागले. उन्हाचा चटका आत्ताच जाणवत होता, दहानंतर कुणी थांबलं नसतं. आज माती दाबली नाही तर स्पर्धा दोनच कोर्टांवर. चार पाट्या माती दरवर्षी जाते कुठं, हे तिच्या वर्गातल्या पोरानंही विचारलं असतं. तिनं विचारलं नाही.

"अप्पा, त्या कोपऱ्यात एकदाच फिरवू. हळू," ती म्हणाली.

मडिवाळप्पांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि ते कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

सव्वाआठला महेश्वर त्या कोपऱ्यात पोचला. ऋतुजा वीस पावलांवर पाणी मारत होती. आधी तिला मशीनचा आवाज बदललेला कळला, जरा पोकळ झालेला. तिनं मान वर केली. रोलरचं पुढचं चाक मातीत गेलं होतं. महेश्वर हँडल मागं ओढत होता. मग त्याच्या भोवतीची माती एकदम खाली गेली आणि तोही गेला.

धूळ उडाली. कुणीतरी किंचाळलं. धूळ खाली बसली तेव्हा कोर्टाच्या कोपऱ्यात सहा-सात फुटांचं भोक होतं आणि त्याच्या तोंडावर रोलर तिरका अडकला होता, एक टोक आडाच्या जुन्या दगडी कडेवर, दुसरं खाली. इंजिन चालूच होतं. हँडलला दोन्ही हातांनी लोंबकळलेला महेश्वर छातीपासून वर तेवढा दिसत होता.

"खाली काही नाहीये!" तो ओरडला. "पायाखाली काही नाहीये!"

युवराज धावत निघाले.

"थांबा!" हा आवाज मडिवाळप्पांचा होता. क्लबात तो एवढा मोठा कुणी कधी ऐकला नव्हता. "कुणी जवळ जायचं न्हाय! कड ढासळतीया!"

खरंच ढासळत होती. रोलरच्या प्रत्येक थरथरीबरोबर कडेची माती ओंजळ-ओंजळ सुटत होती. ती दगडी कड सुटली असती तर सहाशे किलोचं लोखंड महेश्वरला घेऊन खाली गेलं असतं. कुणीतरी अग्निशामक दलाला फोन लावला. पण गाडी येईपर्यंत ते मशीन थांबणार नव्हतं. ते हातानंच बंद करावं लागणार होतं.

"शिडी आणा. आडवी टाका," मडिवाळप्पा म्हणाले. "आन् एक नंबरचं नेट सोडा."

शिडी जमिनीवर सरकवत भोकाच्या कडेपर्यंत नेली. युवराज नव्वद किलोचे, मडिवाळप्पांचे गुडघे वाकत नव्हते. ऋतुजानं चपला काढल्या.

"मी सगळ्यात हलकी आहे," ती म्हणाली, आणि कुणी काही बोलायच्या आत शिडीवर पालथी पडली. मडिवाळप्पांनी नेटला पीळ देऊन दोर केला, एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं दहा जणांनी धरलं.

ती सरपटत पुढं गेली. पोटाखाली बांबू थरथरत होते. डिझेलच्या धुरानं डोळ्यांत पाणी आलं. शेवटच्या पायरीवर ती पोचली तेव्हा महेश्वरचा चेहरा हातभर अंतरावर होता, मातीनं लाल, ओठ पांढरे.

"हात सुटतोय, ऋतुजा."

"बटण कुठंय?"

"उजवीकडं. टाकीखाली. तांबडं."

तिनं हात लांबवला. पोचला नाही. ती आणखी सरकली, छाती भोकावर आली आणि खालचा काळोख दिसला. कुजलेल्या लाकडाचा वास वर आला. कडेचा एक दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज यायला तिला वाटलं त्याहून जास्त वेळ लागला. तिची बोटं गरम पत्र्यावर भाजली, मग बटणाला लागली. इंजिन थांबलं.

एवढी शांतता झाली की रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले.

"आता नेट काखेतनं घाल त्याच्या," मागून मडिवाळप्पा सांगत होते, एकेक शब्द सुटा. "गाठ छातीवर. दोन गाठी. घाई न्हाय."

महेश्वरला एक हात सोडावा लागला. त्यानं तो सोडला आणि दुसऱ्या खांद्यातून कट्‌ असा आवाज आला. तो गुरासारखा ओरडला. ऋतुजानं दुसरी गाठ मारली.

"ओढा!"

महेश्वर बाहेर आला, कोर्टावरून फरपटत, तोंड मातीत. ऋतुजाला शिडीसकट मागं खेचलं. ती उठायच्या आतच मागं दगड घरंगळल्याचा आवाज झाला आणि रोलर खाली गेला. जमीन एकदा हादरली.

महेश्वरचा खांदा निखळला होता, दोन बरगड्या मोडल्या होत्या. बाकी तो शाबूत होता.

संध्याकाळी कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "जुनी जागा. कुणाला कल्पना नव्हती, असं लिहू. उगाच कुणावर नको."

"कल्पना होती," ऋतुजा म्हणाली. पट्टी बांधलेली बोटं तिनं टेबलाखाली घेतली. "मडिवाळप्पांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. असं लिहा."

तिनं सांगितलं तसंच लिहिलं गेलं.

मडिवाळप्पा मात्र दोन दिवस कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती त्यांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं, चंद्रव्वानं, दार उघडलं, आत बघून कानडीत काहीतरी म्हटलं आणि ऋतुजाला बसायला पाट दिला. मडिवाळप्पा भिंतीला टेकून बसले होते.

"अप्पा, चूक माझी होती. माफी मागायला आले."

"तुमची होतीच," ते म्हणाले. "ठाऊक नव्हतं असं न्हाय. मी सांगितलं, तुमी ऐकलं न्हाय. त्याचा राग हाय मला."

"हो."

"पण माझी बी होती. माणूस मरल असं ठाऊक असताना मी कानात बोलल्यासारखं बोललो. तीस वर्षं तसंच बोलतोय सायबलोकांशी. मशीनपुढं आडवं पडायला पायजे होतं."

चंद्रव्वानं चहा आणला. मडिवाळप्पांनी पहिला कप ऋतुजापुढं सरकवला.

स्पर्धा दोन कोर्टांवर झाली. दोन दिवसांची तीन दिवस चालली. तीन नंबरभोवती पत्रे उभे होते. आड बुजवायला दिवाळीपर्यंतचे सगळे रविवार गेले. आधी लाकडं, मलबा आणि तो रोलर बाहेर काढला, मग तळापासून मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर मुरूम, प्रत्येक थर पाणी मारून बसवलेला. मडिवाळप्पा कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि ते हो म्हणेपर्यंत पुढचा थर पडायचा नाही. हात गळ्यात बांधलेला महेश्वरही यायचा. एकदा त्यानं विचारलं, "अप्पा, हा थर झाला का?" ते म्हणाले, "न्हाय," आणि महेश्वर निमूट पाणी आणायला गेला.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मडिवाळप्पांनी पत्रे काढायला लावले. कोर्ट एकसारखं लाल होतं, आड कुठं होता हे ओळखू येत नव्हतं. पण सगळे रेषेबाहेरच उभे राहिले.

"जावा," मडिवाळप्पा ऋतुजाला म्हणाले.

ती निघाली. कोपरा जवळ आला तसा तिला मशीनचा तो पोकळ आवाज आठवला. ती थांबली. मग पुढं झाली आणि बरोबर त्या जागेवर जाऊन दोन्ही पायांनी उभी राहिली.