आधी दोन थेंब

"आ कर रे राजा. कडू नाय, कायच नाय," म्हणत रिबेका सिस्टरने पोराचे गाल दाबले, जिभेवर दोन थेंब सोडले आणि ते रडायच्या आत डाव्या करंगळीला शाईसुद्धा लावून टाकली. तीस वर्षांचा सराव होता. आपल्याला फसवलंय हे पोराला कळेपर्यंत पुढचं पोर समोर आलेलं असे.

वरसेच्या अंगणवाडीतला सिस्टरचा हा शेवटचा पोलिओ रविवार. महिनाअखेर निवृत्ती. आणि नेमका आजच, साडेदहाला, पेणच्या चर्चमध्ये त्यांच्या पहिल्या नातवाचा बाप्तिस्मा होता. घरची रीत अशी, की बाळाला आजीने हातांवर घ्यायचं आणि पाळकांनी विचारलं की नाव तिनेच सांगायचं. तोवर ते कुणाला, अगदी आईबापालाही कळू द्यायचं नाही. म्हणून तीन महिने सगळे त्याला 'बाळ' म्हणत होते. सकाळी सिस्टरने एका चिठ्ठीवर नाव लिहून ती मुलाच्या, हर्षदच्या हातात ठेवली होती. विहीणबाईंनी ते वाचायचं, असं ठरलं.

हर्षदने चिठ्ठी घेतली, पण तोंड वाकडं करून. "माझ्या वाढदिवसाला पोलिओ, माझ्या साखरपुड्याला पोलिओ, आता ह्यालाही! सरकार येणारे का घरी तुझे आभार मानायला?"

"आभार मीच मानतेय," एवढंच त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

आता अंगणवाडीतली अनिता तिसऱ्यांदा म्हणाली, "बाई, जा ना तुमी. मी हाय ना इथं."

"तीन बूथ माझ्याकडे, दुसरी सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर. जाऊ कशी गो?"

चर्चमध्ये दर रविवारी देशासाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना होते. सगळे मनापासून आमेन म्हणतात. सिस्टरला नेहमी वाटे, आमेन म्हणून झाल्यावर कुणीतरी लसीचा खोकाही उचलायला हवा. त्यांचा धाकटा भाऊ योना लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून आयुष्यभर खुरडत चालला आणि दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या लहानपणी हे थेंब त्यांच्या गावात पोचलेच नव्हते. आता वरसेत एकाही पोराला तसा बूट नव्हता. ह्या देशाचे उपकार मोजायला त्यांना तेवढं पुरे होतं.

तरीही साडेदहा वाजले तेव्हा त्यांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात सलीमाबी नातीला घेऊन आल्या.

"सिस्टर, माज्या फहादला तुमीच पाजलेलं. आज त्याच्या पोरीला पाजताव. तो तिकडं कुवेतवरनं सलाम सांगतोय तुमाला."

सिस्टर हसल्या आणि पदराने डोळे टिपले.

दोन वाजता अनिताने यादी चाळली आणि फिसकन हसली. "बाई, एकच पोर ऱ्हायलं. तुमचंच!"

सिस्टरने यादी ओढून घेतली. गावभर सांगत फिरल्या होत्या आणि घरचंच बाळ विसरल्या होत्या. पेणला जायच्या गडबडीत सकाळी कुणालाच सुचलं नव्हतं. लाजेने त्यांना कुठे बघावं कळेना.

बाहेर गाडी थांबली. हर्षद, पांढऱ्या झबल्यातलं बाळ घेतलेली सून किमया आणि मागोमाग पाळकसाहेब आत आले. हर्षदने चिठ्ठी आईच्या हातात ठेवली. घडी मोडलेली नव्हती.

"सलाम, रिबेकाबाई," पाळकसाहेब म्हणाले. "चर्चची मंडळी म्हणाली, आजी नाही तर बाप्तिस्मा नाही. पाणी आहे, आम्ही आहोत. इथंच उरकू."

सिस्टरने भिंतीवरचे तक्ते पाहिले, यादीत नसलेली पोरं घेऊन रांगेत उभ्या असलेल्या दोन पाहुण्या बायका पाहिल्या. "इथं नको, साहेब. ही सगळ्यांची जागा. सरकारने ह्या कामापुरती माझ्या हवाली केलीय. घरी करू. पण पाचनंतर. बूथ पाचला बंद होतो."

पाळकसाहेब पोरांच्या इवल्याशा खुर्चीवर गुडघे दुमडून बसले.

"आण गो त्याला," सिस्टर किमयाला म्हणाल्या. तीस वर्षांचा सराव, पण आज नेम चुकला. पहिला थेंब झबल्यावर सांडला. मग दोन नीट जिभेवर पडले. शाई लावताना हर्षदने बाळाची करंगळी धरली. "आई, सकाळी जास्तच बोललो," तो हळूच म्हणाला.

साडेपाचला घरच्या अंगणात, सिस्टरच्या हातांवर बाळ, पाळकसाहेबांच्या हातात पाण्याचा तांब्या. अनिता आणि सलीमाबी कुंपणापाशी उभ्या होत्या.

"बाळाचं नाव?"

"योना," सिस्टर म्हणाल्या.

हर्षदने चमकून आईकडे पाहिलं. मामाचं नाव!

डोक्यावर गार पाणी पडताच बाळाने भोकाड पसरलं आणि दोन्ही पाय जोरजोरात झाडले. सिस्टरने ते पाय मुठीत धरले. प्रार्थना संपली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, तरी त्यांनी ते सोडले नाहीत.