बिनस्पिरीटचं पेट्रोल

शाहूपुरीच्या पाचव्या गल्लीत प्रसेनजीत शिंगेचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे जागामालक अण्णासोंच्या घराला टेकून उभी केलेली पत्र्याची शेड. पण स्कूटरचा कार्ब्युरेटर खोलावा तर प्रसेनजीतनंच, असं निम्मी शाहूपुरी म्हणायची. शाहूवाडीकडच्या एका खेड्यातल्या बौद्धवाड्यातून तो आयटीआयला आला होता आणि इथंच राहिला होता. हात चांगला आणि बोलणं सरळ. गाडीला काही झालं नसलं तर ‘कायबी झालं न्हाय, घेऊन जावा’ म्हणून गिऱ्हाईक परत लावून द्यायचा. बायको शालन त्यावरून कुरकुरायची. तो हसून सोडून द्यायचा.

२००३ साली पेट्रोलमध्ये स्पिरीट मिसळायला लागले. उसाच्या मळीपासून कारखान्यात काढतात तेच. लोकांना पहिल्यांदा गंमत वाटली. आता गाडीपण प्यायला लागली म्हणून चार दिवस चेष्टा चालली. ऑगस्टात गाड्या बंद पडायला लागल्या तशी चेष्टा थांबली. रोज पाच-सहा स्कूटरी ढकलत गॅरेजवर यायच्या. खोलून बघावं तर कार्ब्युरेटरच्या तळाला पाणी.

प्रसेनजीतला आठ-दहा दिवसांत कारण उमगलं. पावसाचं पाणी पंपाच्या जमिनीतल्या टाकीत पूर्वीही झिरपायचं, पण ते तळाला गप बसून राहायचं. आता स्पिरीट त्या पाण्याला धरत होतं, पेट्रोलला सोडत होतं आणि दोघं मिळून गाडीत येत होती. जे पंपवाले टाकी कोरडी ठेवत होते, त्यांच्याकडं पेट्रोल भरणाऱ्या गाड्यांना काहीही होत नव्हतं.

अशातच हंबीररावांनी आपल्या पंपावर एक लाल मशीन बसवलं. हंबीरराव म्हणजे मोठं प्रस्थ. पंप होता, शिक्षणसंस्था होती, दोन-तीन ठिकाणी शब्द चालत होता. मशीनवर पाटी लावली : बिनस्पिरीटचं पेट्रोल. लिटरला दोन रुपये जास्त. लोक महागाईला शिव्या घालत रांगेत उभे राहायचे. घरच्या स्कूटरीला आपण चांगलं घालतो, हे चारचौघांत सांगण्यातही लोकांना सुख वाटत होतं.

गिऱ्हाइकं प्रसेनजीतला विचारायला लागली, दोन रुपये घालवण्यात काही अर्थ हाय का? त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना सांगायची त्याची पद्धत नव्हती. तो राजारामपुरीत यज्ञेश्वर उमराणी सरांकडं गेला. सर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांची जुनी स्कूटर वर्षानुवर्षं प्रसेनजीतच्या हातात होती, आणि गॅरेजवर आले की स्टुलावर बसून तास-तास गप्पा मारायचे. सरांनी शाळेतून मापाच्या रेघा असलेली काचेची उंच नळी आणली. पंपावरच्या साध्या आणि लाल अशा दोन्ही मशीनची पेट्रोलं त्यांनी वेगवेगळ्या बाटल्यांतून आणवली. नळीत खाली दहा माप पाणी, वर पेट्रोल, मग झाकून हलवायचं. पेट्रोलमध्ये स्पिरीट असेल तर ते पाण्यात उतरतं आणि पाण्याची पातळी चढते.

साध्या पेट्रोलला पाणी चौदाच्या वर चढलं. लाल मशीनच्या पेट्रोललाही तितकंच चढलं. सरांनी पुन्हा करून बघितलं, तिसऱ्यांदा करून बघितलं.

“एकाच टाकीतलं आहे हे, प्रसेनजीत,” सर म्हणाले. “तू बिनधास्त सांग लोकांना. वेळ पडली तर माझं नाव घे. मी येऊन उभा राहीन.”

सर नळी गॅरेजवरच ठेवून गेले. नाव घ्यायची वेळ लवकर आली नाही. विचारील त्याला प्रसेनजीत नळीत करून दाखवायचा आणि सांगायचा, दोन रुपये वाचवा, टाकी कोरडी ठेवणारा पंप बघा आणि महिन्यातनं एकदा कार्ब्युरेटर धुऊन घ्या. महिनाभरात लाल मशीनपुढची रांग निम्म्यावर आली.

हंबीररावांनी त्याला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा दिला. संस्थेच्या सगळ्या जीपगाड्यांचं काम उद्यापासून तुझ्याकडं, म्हणाले. “मी तुला खोटं बोल म्हणत न्हाय. निस्तं गप बस.”

प्रसेनजीतनं चहा संपवला. घर, शालन, दोन पोरी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. जीपगाड्यांचं काम म्हणजे पक्कं शटर असलेलं गॅरेज झालं असतं.

“गिऱ्हाईक इचारतंय, सायेब,” तो म्हणाला. “गप कसा बसू?”

हंबीरराव चिडले नाहीत. येत्या रविवारी नळी घेऊन पंपावर ये, चार लोकांसमोर होऊन जाऊ दे, एवढंच म्हणाले. त्यानंतर चार दिवस लाल मशीन दुरुस्तीसाठी बंद होतं. प्रसेनजीतनं येता-जाता ते पाहिलं, पण त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही.

रविवारी सकाळी तो सरांना न्यायला गेला. सर दारातच उभे होते. आत ये म्हणाले नाहीत.

“ऋता हंबीररावांच्या कॉलेजात शिकवते, तुला ठाऊक आहे,” सर लेकीबद्दल हळू आवाजात म्हणाले. “तीन वर्षं तात्पुरती आहे. या महिन्यात तिची कायमची ऑर्डर निघायची आहे.”

“तुमी बोलू नगा, सर. निस्तं शेजारी उभं ऱ्हावा.”

सरांनी नकाराची मान हलवली. मग, आठवल्यासारखं करून, म्हणाले, “आणि ती नळी शाळेची आहे. तेवढी संध्याकाळी परत आणून दे.”

प्रसेनजीत एकटाच पंपावर गेला. शंभर-दीडशे माणूस जमलं होतं. हंबीररावांच्या माणसानं सगळ्यांसमोर लाल मशीनमधून पेट्रोल काढून दिलं. प्रसेनजीतनं पाणी मोजून घातलं, वर पेट्रोल घातलं, नळी हलवली आणि उंच धरली. पाणी दहावर होतं. त्यानं पुन्हा केलं. पाणी दहाच्या रेघेवरून हललं नाही. तेव्हा त्याला ते चार दिवस कळले. लाल मशीनला दुसरी टाकी जोडून, ती धुऊन, कुठूनतरी चोख माल आणून भरायला चार दिवस पुरेसे होते. पण तसं म्हणायला हातात काय होतं?

लोक हसायला लागले. कालपर्यंत गॅरेजवर येऊन त्याच्या नळीत डोळे घालून बघणारे त्यांत होते. मागून कुणीतरी म्हणालं, “शिकल्यात न्हवं आता ही.” ‘ही’ म्हणजे कोण, ते सांगायची गरज नव्हती. प्रसेनजीतला कळलं, आणि जमलेल्या प्रत्येकाला कळलं.

“तुला हे कुणी शिकिवलं?” हंबीररावांनी विचारलं.

सरांचं नाव ओठांवर आलं होतं. त्याला ऋता आठवली. शाळेत असताना वडलांच्या स्कूटरवर मागं बसून ती गॅरेजवर यायची.

“माझं मीच,” तो म्हणाला.

नळी त्यानं संध्याकाळी सरांच्या घरी पोचवली. ऋताच्या हातात दिली आणि परत फिरला.

गिऱ्हाइकं तुटायला वेळ लागला नाही. कुणी भांडलं नाही. स्कूटरी दुसऱ्या गल्लीला वळल्या, एवढंच. दिवाळीच्या आत अण्णासोंनी शेड मोकळी करून मागितली. पोराला दुकान घालून द्यायचंय, म्हणाले. ते दुकान पुढं कधी निघालं नाही. शालन पाने-पक्कड पोत्यात भरू लागली, आणि प्रसेनजीतला तिच्या जुन्या कुरकुरीची आठवण झाली.

त्याला हायवेकडच्या एका मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपात नोकरी मिळाली. मालक हंबीररावांचे व्याही. गाडी धुऊन ताब्यात देताना गिऱ्हाइकाला लाल मशीनचं पेट्रोल घाला म्हणून सांगायचं, असा तिथला नियम. पहिल्यांदा सांगताना प्रसेनजीतनं मान खाली घातली होती. वर्षभरात मान वर ठेवून सांगता यायला लागलं. मध्यंतरी स्पिरीट मिसळणंच बंद पडलं. साध्या पेट्रोलमध्येही स्पिरीट नव्हतं, तरी लाल मशीनपुढं रांग होती आणि दोन रुपये जास्तच होते.

तिसऱ्या वर्षी उमराणी सर वर्कशॉपच्या फाटकाशी आले. निवृत्त झाले होते. ऋता कायम झाली होती, लग्न होऊन पुण्यालाही गेली होती. सरांच्या हातात चार कागद होते. त्या वेळची सगळी मापं तारखेनिशी त्यांनी जपून ठेवली होती. आता वर्तमानपत्राला सविस्तर लिहिणार होते, स्वतःच्या नावानं. त्यात प्रसेनजीतचं नाव मानानं घेतलं होतं.

“मला रात्र-रात्र झोप लागत नाही रे,” सर म्हणाले. “आता मला कुणाची भीती नाही.”

प्रसेनजीतनं कागद वाचले. एक अक्षर खोटं नव्हतं.

“छापू नगा, सर,” तो म्हणाला.

सरांना कळेना. मग त्यानं वर्कशॉपचा मालक कोण ते सांगितलं. थोरली औंदा दहावीला हाय, हे सांगितलं. “तवा छापलं असतं, तर माझी शेड वाचली असती. आता छापलं, तर ही नोकरीबी जाईल.”

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवले. तुझीच इच्छा नसेल तर माझा इलाज नाही, म्हणाले. आणि ते म्हणताना त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्याचं प्रसेनजीतला स्पष्ट दिसलं. तेवढं दिसलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. आतून कुणीतरी हाक मारली. एका गिऱ्हाइकाची गाडी धुऊन तयार होती.