तांडेलाच्या घरची विळी

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. माझ्या खवणीचे निम्मे दात पडले आहेत आणि पाटाचा एक कोपरा वाळवीनं खाल्ला आहे. तरी जवळ येताना बोटं सांभाळा. धार कमी झाली असली तरी माझा स्वभाव काही बदललेला नाही. सारा जन्म माणसांच्या चुलीपाशी काढला, आणि माणसांविषयी माझं मत काही फारसं चांगलं झालं नाही.

रत्नागिरीच्या बाजारातल्या एका लोहारानं बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तापवली आणि तिच्यातून माझं पातं ठोकून काढलं. फणसाच्या लाकडाचा पाट मागाहून बसवला. भिवा तांडेल मला विकत घ्यायला आला तेव्हा त्यानं अंगठ्यानं धार पाहिली. अंगठ्यातून रक्त आलं. तो हसून म्हणाला, "ही आमच्या घरात शोभंल." तेवढं एक कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे. पुढे कौतुकाचा दुष्काळच पडला.

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आहे ते ओळखायचं, पाण्याखालचे खडक चुकवायचे, दूरचा ढग कुठल्या अंगाला सरकतोय ते सांगायचं. बंदराला लागून असलेल्या आमच्या वाडीत भिवाच्या नजरेला तोड नव्हती. त्याची बायको राही फार बोलणारी नव्हती. मुलगा जानू मुंबईला गिरणीत होता. त्याची बायको हिरा हेदवीकडची. ती या घरात आली आणि माझे चांगले दिवस आले. काम झालं की ती माझं पातं राखेनं घासायची, पुसायची, खोबरेल लावायची. पुढे तिला मुलगी झाली, तुळसा. ती रांगत माझ्याकडे यायला लागली की हिरा मला उचलून फळीवर ठेवायची आणि म्हणायची, "बस गो बाय तू वर, राणीसारखी."

मग भिवाच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला.

आधी त्याला बारीक दिसेना, मग जाडसुद्धा दिसेना. रत्नागिरीच्या इस्पितळात काही इलाज झालाही असता. पण तिथे जायचं म्हणजे चार माणसांना कळायचं, आणि आंधळ्या तांडेलाच्या होडीत कोण बसणार? भिवानं इलाजापेक्षा अब्रू पसंत केली. राहीला माहीत होतं. तिनं तोंड मिटून घेतलं. हिरानं एकदा त्याला पेल्याच्या बाजूला पाणी ओतताना पाहिलं आणि तिला कळलं. भिवानं तिला जवळ बोलावलं. "पोरीच्या डोक्यावर हात ठेव आनि सांग, कुनाला बोलनार नाय."

हिरानं तुळसाच्या डोक्यावर हात ठेवला. म्हाताऱ्याची अब्रू राखायला त्यानं तारण ठेवलं ते चिमुरड्या पोरीला. याला माणसं घराण्याची इज्जत म्हणतात!

आता मासेमाराच्या घरात मासा रोजचा, आणि ज्याला दिसत नाही त्यानं काटा काढायचा कसा? हिरा रोज माझ्यापाशी बसायची. शिजलेला तुकडा माझ्या पात्यावर उभा चिरायची, मधला काटा ओढायची, मग बोटांनी चाचपून बारीक काटे वेचायची. मग आतल्या खोलीचं दार लोटून सासऱ्याला जेवायला घालायची. आमच्या शेजारणींना दुसऱ्याच्या लोटलेल्या दाराचं भारी सुख. "सून सासऱ्याला दार लावून वाढते गो," त्या कुजबुजायच्या. "काय घालते कोन जाने!"

भिवाची बहीण हौसा खाडीपल्याडच्या वाडीत दिलेली. भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जेवायला जातो. भिवा एका वर्षी म्हणाला, होडी लोटायची आहे. दुसऱ्या वर्षी म्हणाला, पाय मुरगळलाय. तिसऱ्या वर्षी हौसा स्वतःच तरीच्या होडीत बसून आली. डोक्यावर टोपली, टोपलीत अंड्यांनी भरलेला मोठा भिंग मासा. भिंग चवीला लाख, पण नुसता काट्यांचा. केसासारखे काटे, जागोजाग.

"माज्या भावाला आवडतो," हौसा म्हणाली. "तू शिजव गो हिरा. पन आज वाडनार मी. आजचा मान माजा."

हिरानं भिंग माझ्यावर कापला, कालवण केलं आणि नेहमीप्रमाणे काटे वेचायला बसली. तेवढ्यात हौसा आत आली.

"ह्ये काय चिवडून ठेवलायस? तांडेल हाय तो, दात न आलेलं पोर नाय!"

"आत्याबाय, थांबा जरा..."

हौसा कसली थांबते! मधला सगळ्यात मोठा तुकडा तिनं उचलला आणि भावाच्या ताटात नेऊन ठेवला. हिरा तिच्यामागे धावली आणि ओरडली, "मामंजी, तो तुकडा खाऊ नका!"

भिवाला कळलं होतं. त्यानं हात आवरायचा होता. पण समोर बहीण बसलेली. "माजी भैन वाडते हाय," तो म्हणाला आणि मोठा घास घेतला.

पुढचं मी सांगत नाही. त्यानं गळा धरला, चेहरा निळा पडला, आणि कुणाला काही करता येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मित्रांनो, यात कोडं ते काय आहे? माझ्या पाटावर काटे पडले होते, निम्मा मासा काटे काढून ठेवलेला होता. ज्याला डोळे आहेत त्यानं बघावं. पण वाडीनं ठरवलं की जन्मभर मासे खाल्लेला तांडेल काट्यानं मरणार नाही. असं कधी झालंय का! म्हणजे विष. आणि विष कुणी घातलं? जी दार लोटून वाढायची तिनं. "खाऊ नका म्हनाली ना?" हौसा छाती बडवून सांगायची. "जेवनात काय हाय ते तिला ठावं व्हतं!" फौजदाराकडे मात्र कुणी गेलं नाही. त्यात म्हणे वाडीची अब्रू गेली असती. अब्रू या वस्तूचा खप आमच्या वाडीत मासळीहून जास्त.

जानू आगबोटीनं मुंबईहून आला. तेराव्याचे नारळ खवायला मला पडवीत आणून ठेवलं होतं, म्हणून समोर अंगणात गावकी बसली ती मी डोळ्यांनी पाहिली. निवाडा आधीच शिजलेला होता, फक्त वाढायचा होता. हिरानं आजच्या आज माहेरी जायचं. तुळसा बापाच्या घरची, ती इथेच राहणार.

"तुला काय सांगायचं हाय का?" एकानं विचारलं.

हिरानं तुळसाला पोटाशी धरलं होतं. बोलली तर शपथ मोडणार आणि पोरीला काही होणार, ही तिची भीती. नाही बोलली तर पोर जाणार, हे समोर दिसतच होतं. तिनं पोरीला आणखी घट्ट आवळलं. जानू आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. जणू त्या अंगठ्यावर काही लिहिलेलं होतं. आणि राही खांबाला टेकून बसली होती. तिनं कुणाची शपथ घेतलेली नव्हती. तिला फक्त मेलेल्या नवऱ्याचं नाव सांभाळायचं होतं. मला त्या क्षणी कुणी उचललं असतं तर कुणाला कापावं हेच कळलं नसतं, इतका सगळ्यांचा तिटकारा आला होता.

हौसा उठली. तिनं तुळसाचं मनगट धरून ओढलं. पोर किंचाळली.

"सोडा तिला, वन्सं," राही म्हणाली. आवाज इतका बारीक, की तिलाच पुन्हा म्हणावं लागलं. "सोडा तिला! त्येंना दिसत नव्हतं. दोन वर्सं दिसत नव्हतं. ती पोर रोज काटे काडून वाडायची. म्हनून दार लोटायची. म्हनून खाऊ नका बोल्ली."

मला वाटलं, आता होडीवरचे गडी खवळणार. दोन वर्षं आंधळ्याच्या भरवशावर समुद्रात गेलो म्हणून आकाशपाताळ एक करणार.

होडीवरचा जुना गडी धाकू खाकरला. "म्हाईत हाय वैनी," तो म्हणाला. "आमाला म्हाईत व्हतं. सुकानू मीच धरायचो. त्येंनी नुसतं पुडं बसायचं."

"व्हय, म्हाईत व्हतं," मागून दुसरा म्हणाला. मग तिसरा. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून ते बोलले नव्हते.

ऐकलंत ना? सगळ्या होडीला माहीत होतं. एकमेकांपासून लपवून सगळे तेच एक गुपित राखत होते. जिवंतपणी त्यांनी भिवावर जी माया केली, तिला मी नावं ठेवणार नाही. पण तो गेल्यावर, त्याच्या सुनेची पोर तिच्या कुशीतून ओढली जात असताना, हेच भले लोक मांडी घालून बसले होते आणि तपकीर ओढत होते.

ज्यांना कळलं नव्हतं अशी घरची माणसं दोनच, मुंबईचा मुलगा आणि खाडीपल्याडची बहीण. हौसानं मनगट सोडलं. ती हिराकडे बघून म्हणाली, "म्हंजे माज्या भिंगानं...?"

हिरानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एवढ्या माणसांत तिला एकटीलाच ती दया सुचली.

मग सगळे एकदम मऊ झाले. कुणी तिला पाणी दिलं, कुणी लक्ष्मी म्हटलं. जानू पुढे येऊन म्हणाला, "चल हिरा, झालं गेलं. आत चल."

"तुमी आत जावा," ती म्हणाली. तिनं राहीला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "सासूबाय, ह्ये त्याच दिशी का नाय बोल्लात?"

हिरानं तुळसाला कडेवर घेतलं, बोचकं उचललं आणि हेदवीच्या बाजूला जाणाऱ्या होडीकडे चालू लागली. गावकीनं तिला माहेरी पाठवायचंच ठरवलं होतं. ती गेली, पण पोरीला घेऊन. आडवं जायची हिंमत कुणाला झाली नाही.

त्यानंतर त्या घरात मासा फारसा शिजला नाही. मला माळ्यावर टाकलं, ती मी अजून इथेच आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगते. घरातली विळी वापरून झाली की पुसून, आडवी करून, भिंतीकडे तोंड करून ठेवा; घरात लहान पावलं फिरत असतात. लोखंडाची एवढी काळजी तुम्ही घेताच. पण ज्याच्यावर आळ आला आहे त्याच्या बाजूचं काही तुम्हाला ठाऊक असेल, तर ते त्याच दिवशी, चारचौघांत, मोठ्यानं सांगा. उशिरा सांगितलं तरी खरं ते खरंच असतं. पण तोवर हिरा होडीत बसलेली असते, आणि होडी किनाऱ्यावरून सुटलेली असते.