जावाजावांची कार्डं

"वहिनी, तुमचं झालं का? माझं गेलंसुद्धा," धाकटीने पलीकडच्या खोलीतून विचारलं आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

दोघी जावा एकाच बिल्डरसाठी घरांची चित्रं करायच्या. अजून न बांधलेल्या घरांची: सोफा, पडदे, भिंतीवरचं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर. काम शिकवलं थोरलीनेच. तेव्हा धाकटी तिच्या शेजारी स्टुलावर बसून वहिनी सांगतील तिथे बटण दाबायची. आता बिल्डर आधी धाकटीला फोन करायचा, आणि सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "धाकटीचा हात भराभर चालतो हो." जणू थोरली पायाने काम करत होती.

दोघींच्या कॉम्प्युटरमधली, चित्रं घडवणारी ग्राफिक कार्डं एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेली. चित्र लवकर तयार व्हावं म्हणून धाकटीने आपल्या कार्डाचा वेग कंपनीने ठरवला होता त्यापेक्षा वाढवून घेतला होता. "तुमचंही करून देते," ती म्हणाली होती. "मला जमतं," म्हणून थोरलीने विषयच तोडला होता.

आज एका बंगल्याचा दिवाणखाना संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. "नाही जमलं तर धाकट्या वहिनींना देतो," बिल्डरने सांगून ठेवलं होतं. चहा द्यायच्या निमित्ताने थोरली पलीकडे गेली आणि धाकटीच्या कॉम्प्युटरवरचा वाढीव वेगाचा आकडा हळूच पाहून आली. अधिक एकशे ऐंशी. परत येऊन, चित्र अर्धं झालेलं असतानाच, तिने तोच आकडा आपल्या कार्डाला ठोकून दिला. कार्डाचा पंखा घोंघावू लागला. दिवाणखान्यावर हिरवे ठिपके उठले आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

धाकटी धावत आली. "काय झालं?"

"वीज गेली असेल."

धाकटीने छताकडे पाहिलं. "वरचा पंखा तर फिरतोय, वहिनी. किती टाकलं होतंत?"

थोरलीची नजर पलीकडच्या खोलीकडे गेली.

"माझा आकडा? अहो, एका दुकानातली असली म्हणून काय झालं? सख्ख्या बहिणी तरी सारख्या असतात का? प्रत्येक कार्डाचं सोसणं वेगळं."

तिने सगळं मूळपदावर आणलं. मग वेग जरासा वाढवायचा, चाचणी लावायची, कार्ड किती तापतंय ते बघायचं. निभावलं तर आणखी जरासा. ठिपके दिसले की मुकाट्याने मागे यायचं. थोरलीचं कार्ड अधिक नव्वदच्या पुढे जाईना.

"म्हणजे चांगलं तुला मिळालं," थोरली म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला आवडला नाही, पण शब्द सुटले होते.

धाकटीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "बदलूया मग."

नको म्हणायला हवं होतं. थोरली म्हणाली, "बदल."

दोन्ही यंत्रं बंद करून धाकटीने कार्डांची अदलाबदल केली, नव्या जागी दोन्ही पुन्हा तपासली आणि आपल्या राहिलेल्या कामाला गेली. थोरलीने चित्र पहिल्यापासून लावलं. आता बघाच, ती मनात म्हणाली.

"वहिनी, तुमचं झालं का?"

थोरलीचं अजून निम्मंही झालं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगण आपणच मागून घेतलेलं. तिला रडू येईल असं वाटलं. मग तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि हाक मारली, "अगं, इकडे ये. माझ्या खुर्चीत बस. कसं करतेस ते दाखव."

धाकटी संकोचत बसली. तिने पडद्यावरचं घर फिरवून बघितलं आणि थांबली. दिवाणखान्याच्या बंद दारामागे थोरलीने आख्खी खोली मांडली होती. पलंग, पायथ्याशी घडी केलेली रजई, उशाशी लावलेला दिवा.

"वहिनी, दार तर बंद आहे. आतला पलंग कोण बघणार?"

"मला ठाऊक असतो ना."

"दिसला नाही तरी कार्डाला तो दिवाही वाहावा लागतो हो," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "काढू?"

थोरलीने मान डोलावली. रजई गेली, पलंग गेला, दिवा गेला. चित्रातला दिवाणखाना होता तसाच राहिला.